बाबांच्या खिशातला फोन

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणतात. तोंडावर ताई, पाठ वळली की पडदेवाली. तिला दोन्ही ठाऊक आहे आणि दोन्हीचं काही वाटत नाही. पडदे शिवणारीला पडदेवाली नाही तर काय महाराणी म्हणणार, असं ती स्वतःच विचारते. उंच, काटक बाई, राग अगदी नाकाच्या शेंड्यावर. कुणाच्या घरी मापं घ्यायला गेली की माणसांकडे नंतर बघते, आधी खिडक्यांकडे. एका गिऱ्हाइकाला तिने सरळ सांगितलं होतं, "पडद्यांचं मागून बघू, आधी काचा पुसा." ते गिऱ्हाईक फणफणत निघून गेलं आणि काही दिवसांनी मुकाट्याने परत आलं, कारण पडदेवालीने घातलेल्या चुण्या जागच्या हलत नाहीत आणि तिचा पडदा धुतल्यावर आखूड होत नाही.

लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याविषयी ती एका वाक्याच्या पुढे जात नाही, तेव्हा आपणही नको जायला. सासरहून परत येताना तिने शिवणाचं मशीन तेवढं आणलं आणि आईवडिलांच्या घरात, पहिल्या मजल्यावर, पुढच्या खोलीतल्या खिडकीखाली ठेवलं. उजेड समोरून यावा म्हणून मशीनचं तोंड खिडकीकडे. म्हणजे बसणारीची पाठ घराकडे, दाराकडे, सगळ्यांकडे. बसल्यावर खिडकीतून समोरच्या भिंतीचा वरचा तुकडा दिसतो, थोडं आभाळ दिसतं आणि चौकटीच्या कोपऱ्यातून बाहेर गेलेली टेलिफोनची जुनी काळी तार दिसते. खाली गल्लीत काय चाललंय ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

ती तार बाबांनी स्वतः ओढलेली. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते, उभा जन्म खांबांवर गेला. कुणाच्याही घरचा फोन बंद पडला की बाबा शिडी खांद्यावर टाकून निघायचे, त्या घरापासून तार धरून खांबाखांबाने चालायचे आणि जिथे बिघाड असेल तिथे वर चढायचे. दिवसाचा शेवटचा फॉल्ट काढला की कमरेचा चाचणीचा फोन तारेला लावून घरचा नंबर फिरवायचे. इकडे पडदेवाली, तेव्हाची ठमी, स्टुलावर चढून रिसीव्हर उचलायची. "लाइन टेस्टिंग. ठमे, आवाज येतोय का?" आणि ठमीने सांगायचं, "येतोय बाबा, अगदी स्पष्ट." मग बाबा खाली उतरणार आणि आई चहा टाकणार. एकदा ठमी खेळायला गेली होती आणि आई शेजारी. कुणी फोन उचलला नाही. बाबांनी दुरुस्त केलेली लाइन पुन्हा पहिल्या खांबापासून तपासली आणि काळोख पडल्यावर घरी आले. उत्तर आलं नाही म्हणजे बिघाड शिल्लक आहे, असा त्यांचा हिशेब होता. त्यावरून आईने ठमीला जे काही ऐकवलं, ते तिला अजून पाठ आहे.

आई गेली, घरातला तो फोनही गेला. तार तेवढी चौकटीला राहिली, रंगाखाली दबून. आणि गेल्या काही वर्षांत बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली. आधी गावांची नावं, मग वार, मग माणसं. आताशा ते तिला 'बाई' म्हणतात. "बाई, चहा मिळेल का?" "बाई, तुम्हाला उशीर होत नाही का घरी जायला?" पडदेवाली बाहेर कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण 'बाई' म्हटलं की ती उगाच भांड्यांचा आवाज करते. ठमे ही हाक ऐकून तिला कितीतरी महिने झाले होते. आपण ती हाक ऐकायची वाट बघतो, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

हेडफोन दादाने आणला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, ऑफिस सुटलं की आठवड्यातून एकदा येतो, बाबांच्या गोळ्या बघतो आणि बहिणीला चार गोष्टी सुनावून जातो. झालं होतं असं की पडदेवालीला शिवताना काहीतरी ऐकायला लागतं, मोबाइल मोठ्याने लावून बसायची तिची सवय. पण मोबाइलमधून माणसं बोलू लागली की बाबांना वाटायचं पाहुणे आलेत. ते उठून दार उघडायचे, कुणी दिसलं नाही की शोधायला जिना उतरायचे. तेव्हा दादाने हा बिनतारी हेडफोन आणून दिला. "तुझ्या गप्पा तुझ्या कानात ठेव," म्हणाला.

तिला तो भलताच आवडला. घरी मशीनवर तो, मापं घ्यायला निघाली की बसमध्ये तो, शिडीवर चढून पडद्याचा दांडा ठोकताना तो. कानावरच्या गाद्यांचं रेक्झिन सोलून निघालं तेव्हा तिने उरलेल्या मखमलीची खोळ शिवून घातली, किरमिजी रंगाची, आत बारीक अस्तर लावून. बाबा मात्र त्या वस्तूवर कधी विश्वास ठेवू शकले नाहीत. रोज एकदा तरी तो हातात घेऊन बोटांनी चाचपायचे.

"याची तार कुठंय?"

"नाही त्याला तार, बाबा."

"मग आवाज येतो कुठून?"

"हवेतून."

"थापा मारू नका, बाई. तार असतेच. तुम्हाला सापडली नाही एवढंच."

मग बाबा घराबाहेर निघून जायला लागले. पहिल्या वेळी गल्लीच्या तोंडाशी सापडले. दुसऱ्या वेळी पार हमरस्त्यावर, गाड्यांच्या मधोमध, एका पायातली चप्पल गायब. एका टेम्पोवाल्याने हाताला धरून बाजूला घेतलं म्हणून वाचले. त्या दिवशी दादा आला तो बसलाच नाही. त्याने वृद्धांच्या एका संस्थेत चौकशी करून ठेवली होती. "चांगली जागा आहे, चोवीस तास माणूस असतं, फाटकाला कुलूप असतं," असं म्हणाला. पडदेवालीने कुलूप हा शब्द ऐकला आणि तिचं डोकं फिरलं. दोघं खूप भांडली. शेवटी दादा म्हणाला, "ठीक आहे. पण आणखी एकदा झालं तर मी तुझं ऐकणार नाही. तू वडील सांभाळतेस की पडदे, हे मला कळू दे."

हे शेवटचं वाक्य तिला झोंबलं, कारण उत्तर दोन्ही असं होतं. पडदे शिवले नाहीत तर घर चालणार नाही, आणि मशीन चालू असलं की मागे दार वाजलेलं ऐकू येत नाही.

तेव्हा तिला ती युक्ती सुचली. मोबाइलवर गोष्ट लावून तो तिने बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं, आणि हेडफोन आपल्या कानाला. बिनतारी असला तरी हा आवाज फार लांब जात नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दार इथपर्यंत सुरळीत. जिना उतरायला लागलं की आवाज अडखळतो, खाली पोचलं की तुटतो. समोरच्या इस्त्रीवाल्याला तिने फोन देऊन जिन्यावरून दहा वेळा वरखाली करायला लावलं. "आता?" "येतोय!" "आता?" "तुटतोय, तुटतोय!" इस्त्रीवाल्याला धाप लागली, पण तोही खूष झाला. गोष्ट चालू आहे म्हणजे बाबा घरात आहेत. गोष्ट अडखळली की तिने मशीन सोडून धावायचं. महिनाभर हे असं बिनबोभाट चाललं. दोनदा आवाज अडखळला आणि दोन्ही वेळा तिने बाबांना जिन्यातच गाठलं. दादासुद्धा मान डोलावून म्हणाला, "बरं केलंस. पण एक कान उघडा ठेव. आणि ते बाहेरचा आवाज बंद करणारं बटण अजिबात दाबू नकोस." तिने कबूल केलं.

त्या दिवशी दुपारी तिने ते बटण दाबलं.

तिच्या बाजूनेही सांगायला हवं. एका मोठ्या हॉलचे पडदे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. जाड कापड, दुहेरी अस्तर, सोनेरी दोऱ्या, आणि मशीन नुसतं खडखडत होतं. कानात एक माणूस रहस्यकथा वाचत होता, बरेच दिवस चाललेली, आणि त्या दिवशी खुनी कोण ते कळणार होतं. बाबा मागे खुर्चीत बसले होते, खिशात फोन. आवाज स्वच्छ येत होता. मग बिघडतं कुठे? तिने बटण दाबलं, दोन्ही कान झाकले, मशीनची खडखड एकदम लांब गेली आणि गोष्टीतला माणूस जणू तिच्या खांद्याशी येऊन बोलायला लागला. एक लांबलचक शिवण, मग दुसरी, मग तिसरी. खुनी तो भला डॉक्टरच निघाला. तिला आधीपासून संशय होता, त्यामुळे ती मनातल्या मनात फार खूष झाली आणि बाबांना चहा द्यावा म्हणून उठली.

खुर्ची रिकामी होती.

आवाज येत होता. एक शब्द न तुटता येत होता. म्हणून ती घाबरली नाही. स्वयंपाकघरात बघितलं, न्हाणीघरात बघितलं. आतल्या खोलीत गेली. तिथे खुंटीवर बाबांचा घरातला शर्ट टांगलेला होता, नीट, खांदे जुळवून, आणि त्याच्या खिशात बटणाआड तिचा फोन होता. कपाट उघडं होतं. खात्याचा जुना खाकी शर्ट जागेवर नव्हता. कामावर निघताना बाबा घरातला शर्ट अस्साच खुंटीला लावून जायचे, आयुष्यभर. घरातल्या शर्टावर ते कधी खांबावर चढले नाहीत.

एक महिना ज्या आवाजाच्या भरवशावर ती बसली होती, तो एका खुंटीला टांगलेल्या शर्टातून येत होता. तिने हेडफोन मानेवर ओढला, फोन घेतला आणि चपला हातात धरूनच जिना उतरली.

इस्त्रीवाला कोळशाला वारा घालत होता. तिला बघून म्हणाला, "झालं का ताई भांडण मिटवून?"

"कसलं भांडण? बाबा कुठंयत?"

"म्हणजे? ते गेले की मघाशी. खाकी शर्ट घालून. मी विचारलं, कुठं काका? म्हणाले, लाइन बघून येतो." तो तिच्या तोंडाकडे बघायला लागला. "मला वाटलं तुम्हाला माहीतय. तुमच्या कानात येतं ना सगळं."

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास तरी. अहो, किती हाका मारत होते तुम्हाला! इथपर्यंत ऐकू येत होतं. मला वाटलं रागावून बसलायत म्हणून ओ देत नाही."

"काय हाका मारत होते?"

"ठमे, ठमे म्हणत होते. ठमे, ऐकतेस ना? ठमे, आवाज येतोय का? किती वेळ. मी म्हटलं, ही ठमी कोण आणि आता?"

पडदेवालीने इस्त्रीच्या टेबलाला हात टेकला. टेबल तापलेलं होतं, तेही तिला कळलं नाही. बाबांना आज ती आठवली होती. नावासकट. तिच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर उभे राहून त्यांनी तिला पुन्हा पुन्हा हाक मारली होती, आणि ती मखमलीत कान घालून खुनी शोधत बसली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटणं म्हणजे काय ते तिला त्या वेळी कळलं.

"मी त्या टोकाला बघतो," इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवत म्हणाला. "तुम्ही या टोकाला जा."

ती निघणार तोच थांबली. कुठलं टोक? मागच्या दोन्ही वेळी बाबा वाट फुटेल तिकडे गेले होते. पण आज ते भटकायला गेले नव्हते, लाइन बघायला गेले होते. हाक मारली, उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे बिघाड. आणि बिघाड शोधायला बाबा कसे निघतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने मान वर करून आपली खिडकी बघितली. चौकटीतून निघालेली काळी तार गल्लीवरून समोरच्या खांबाला गेली होती. तिथून पुढच्या. ती तारेखालून चालायला लागली.

वर बघत चालणाऱ्या बाईला रस्ता सोपा नसतो. दोन सायकली अंगावर आल्या, एका सायकलवाल्याने शिवी हासडली. गळ्यातला हेडफोन छातीवर आपटत होता. खांबांवर आता तारांचा नुसता गुंता. विजेच्या, केबलच्या, कशाकशाच्या. जुनी टेलिफोनची कुठली, नवी कुठली, काही कळेना. दोन गल्ल्या ओलांडल्यावर एका पावभट्टीपाशी तारा फुटत होत्या, अर्ध्या डावीकडे, अर्ध्या सरळ. ती मधोमध उभी राहिली. डावीकडे शाळा आणि वस्ती. सरळ गेलं की हमरस्ता. भट्टीवाला म्हणाला, खाकी शर्टाचे आजोबा दिसले होते, पण कुठे वळले ते बघितलं नाही. तिला रडू यायला लागलं होतं आणि रडायला वेळ नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. गळ्यातल्या हेडफोनमधूनच वाजला. दादा.

"निघालोय मी ऑफिसातून. काही आणायचंय का? बाबा काय करतायत?"

"झोपलेत," ती म्हणाली.

"या वेळी? बरं नाही का? उठव जरा, बोलतो दोन शब्द."

"आत्ताच डोळा लागलाय रे. तू ये, मग बोल."

"गाड्यांचा आवाज येतोय. तू कुठंयस?"

"खिडकी उघडीय," ती म्हणाली आणि फोन बंद केला. खोटं बोलण्याची तिला सवय नाही, जे असेल ते तोंडावर. दादा बसमध्ये असेल. तो पोचायच्या आत बाबा घरी दिसले नाहीत तर उद्या ते त्या कुलपाच्या आत असतील. आणि ते हमरस्त्यावर पोचले असतील तर उद्याचा प्रश्नच नाही. हा दुसरा विचार आला तेव्हा तिला दादाची भीती वाटेनाशी झाली.

तिने पुन्हा वर बघितलं. सरळ जाणाऱ्या रस्त्यावर, एका दुकानाच्या पाटीपाशी, एक लोंबणारी तार कुणीतरी वर उचलून बांधली होती. साधी नव्हे, सोनेरी दोरीने. पडद्याची दोरी! तिच्या टोपलीतली, हॉलच्या पडद्यांसाठी आणलेली. गाठ अशी आवळलेली की टोक आत दडवलेलं. ती गाठ तिला बाबांनीच शिकवली होती, आणि ती आजही पडद्याची दोरी तशीच बांधते. मघाशी शिवताना एक दोरी कमी भरली होती आणि तिने दोऱ्या विकणाऱ्या दुकानदाराला मनातल्या मनात चोर ठरवलं होतं.

ती धावायला लागली.

हमरस्त्याच्या कडेला जुन्या टेलिफोनच्या खांबांतला शेवटचा खांब उभा आहे. पूर्वी तार तिथून रस्ता ओलांडून पलीकडे टेलिफोनच्या कचेरीत जायची. मग पूल झाला, तारा जमिनीखाली गेल्या, आणि खांबावर तुटलेल्या तारेचं एक टोक लोंबत राहिलं. बाबा त्या खांबापाशी उभे होते. रस्त्याच्या अगदी काठावर, एक पाय पदपथावर आणि एक खाली. ट्रक इतक्या जवळून जात होते की त्यांचा खाकी शर्ट फुगून परत बसत होता. तारेचं टोक त्यांनी कानाला लावलं होतं आणि ते पलीकडे बघत होते, जिथे पूर्वी कचेरी होती. पलीकडे जाऊन बघावं असं त्यांच्या मनात आहे, हे त्यांच्या पुढे झुकलेल्या खांद्यांवरून तिला लांबूनच दिसलं.

हाक मारायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. मोठ्याने ओरडलं तर ते दचकतील. दचकले की एक पाऊल टाकतील, आणि ते पाऊल कुठे पडेल ते दिसतच होतं. ती दबकत खांबाच्या मागे आली. आता दोघांच्या मध्ये फक्त खांब होता. हात पुढे केला असता तर शर्ट हाताला लागला असता, पण अनोळखी बाईने धरलं की बाबा हिसडा मारतात, हेही तिला माहीत होतं.

बाबा तारेत बोलले. "लाइन टेस्टिंग." आवाज थकला होता, घसा बसला होता. "ठमे. आवाज येतोय का?"

ती खांबाच्या मागून, ट्रकच्या आवाजातून ऐकू जाईल एवढंच म्हणाली, "येतोय बाबा. अगदी स्पष्ट."

बाबांचे खांदे खाली आले. रस्त्यावरचा पाय त्यांनी वर घेतला.

"कधीपासून हाका मारतोय. होतीस कुठं?"

"इथंच होते."

"मग उचललं का नाहीस? पार शेवटच्या खांबापर्यंत आलो. म्हटलं फॉल्ट आहे तरी कुठं."

"फॉल्ट माझ्या टोकाला होता, बाबा." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती आवाज सरळ ठेवत होती. "तुमच्याकडे काही नाही. माझ्याकडे होता."

"हां. तरीच." बाबांनी समाधानाने मान हलवली. "आता ठीक आहे ना?"

"आता ठीक आहे."

"मग ठेवतो. आईला सांग, निघालो म्हणून."

त्यांनी तारेचं टोक हळूच खांबाला टेकवून सोडलं, हात झटकले आणि वळले. समोर ती उभी होती. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, गळ्यातल्या मखमलीच्या हेडफोनकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, इकडून घर कुठं येतं हो?"

"चला," ती म्हणाली. "मी त्याच बाजूला चाललेय." आणि त्यांना रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतलं. या वेळी त्यांनी हात धरू दिला.

घरी पोचले तर दादा दारात, इस्त्रीवाला त्याच्याशेजारी मान खाली घालून. इस्त्रीवाल्याने सगळं सांगितलेलं दिसत होतं. दादाचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याने आधी बाबांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, तळवे तपासले. मग बहिणीकडे वळला.

"झोपलेत म्हणालीस."

"खोटं बोलले."

"कसे गेले? तू तर म्हणत होतीस आवाज तुटला की कळतं."

सांगायला वाटा होत्या. शर्ट बदलला, कुणाच्या लक्षात येणार? कुणीही फसलं असतं. पण तिने त्यातलं काही सांगितलं नाही. "मी ते बटण दाबलं होतं," ती म्हणाली. "बाबा पळून नाही गेले, दादा. मला हाका मारत होते. ठमे म्हणून. मी ओ दिली नाही, म्हणून लाइन शोधत गेले."

दादाने विचारलं, "ठमे म्हणाले?"

"शेवटच्या खांबापाशीही म्हणाले. मला नाही. तारेत."

दादाने बाबांकडे बघितलं. त्याला ते गेली दोन वर्षं 'साहेब' म्हणत होते. तो संस्थेचं काही बोलेल म्हणून पडदेवाली जीव मुठीत धरून होती. त्याने खिडकीकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मशीनमागच्या स्टुलाकडे बघितलं आणि मग बाबांच्या खुर्चीकडे. बाह्या वर केल्या.

"ते कापड उचल," तो म्हणाला. "आणि त्या बाजूने धर. जड आहे."

दोघांनी मिळून मशीन फिरवलं. त्याचे पाय इतक्या वर्षांत फरशीत रुतल्यासारखे झाले होते, जागेवर चार काळे गोल डाग उरले. आता बसणारीची पाठ खिडकीकडे आणि तोंड बाबांच्या खुर्चीकडे. उजेड मागून येतो, शिवणीवर तिचीच सावली पडते. पडदेवाली लगेच कुरकुरली की असं कसं दिसणार. दादा म्हणाला, "दिवा आणतो पुढच्या वेळी." संस्थेबद्दल तो त्या दिवशी बोलला नाही, आणि त्यानंतरही त्याने तो विषय काढलेला नाही.

हेडफोन ती आता बसमध्ये वापरते, बाबांपाशी दादा थांबतो त्या दिवशी, मापं घ्यायला जाताना. घरात तो खुंटीवर असतो, घरातल्या शर्टाशेजारी. बाबा कधीकधी तो काढतात आणि तार शोधतात. मशीन चालू असताना ती दर शिवणीनंतर थांबते, सुई वर करते आणि कान देते. खुर्चीतून "बाई, चहा" अशी हाक येते, आणि ती "आले बाबा" म्हणून उठते. ठमे अशी हाक पुन्हा आलेली नाही.